घंटागाडीवरचे सहा सूर

घंटागाडी आमच्या गल्लीत सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी येते आणि सात वाजून अकरा मिनिटांनी गेलेली असते. या एका मिनिटात ज्याला कचरा टाकता आला तो सुजाण नागरिक, आणि ज्याला आला नाही तो जाफर तांबोळी, म्हणजे मी. गावाचं नाव सांगत नाही. कराडहून सांगलीकडे जाताना लागतं, एवढं पुरे. नाव सांगितलं तर नगरपालिकेला राग येईल, आणि आमच्याकडे पाणी आधीच दिवसाआड येतं.

त्या आठवड्यात माझी गाडी सलग तीन दिवस चुकली होती. चौथ्या दिवशी मी लुंगीवर, हातात गळकी बादली घेऊन तिच्यामागे धावलो आणि कोपऱ्यावर घसरलो. चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं आणि आदल्या दिवशीची वांगी सुभेदार तानाजी निकमांच्या नुकत्याच झाडलेल्या अंगणात पसरली. सुभेदार फौजेतून निवृत्त झालेत, पण अंगण अजून निवृत्त झालेलं नाही. तिथे रोज परेडची तयारी असते.

"आवं इंजिनेर सायब," ते शांतपणे म्हणाले, "गाडी रोज त्याच टायमाला येती. तुमालाच कशी गावत न्हाई?"

आता मी पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता आहे. बावन्न वर्षांचा माणूस वांग्यांच्या मधोमध बसलेला असताना त्याला काहीतरी भारदस्त बोलावं लागतं. मी म्हणालो, "चूक माझी नाही, गाण्याची आहे. पाच वर्षं तेच गाणं. पंख्याच्या आवाजाकडे लक्ष जातं का कुणाचं? हे गाणंच बदललं पाहिजे."

"मग बदला की. तुमी शिकलेली माणसं."

एव्हाना दारात नसीमा आली होती. माझी बायको लोणंदची. घरात आम्ही दखनी बोलतो, पण चिडली की ती मराठीत बोलते, म्हणजे शेजाऱ्यांनाही कळतं. "आवं, तुमचं त्ये टकटक लावा की गाडीवर," ती म्हणाली. "निदान घरातलं तरी थांबंल."

गल्ली हसली. समोरच्या शालूबाई तर झाडू टेकवून हसल्या. पण मी हसलो नाही, कारण नसीमा ज्याला टकटक म्हणते ती माझी रिफ आहे.

रिफ म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. गिटारवर चार-सहा सुरांची एक ओळ, जी पुन्हा पुन्हा वाजते आणि डोक्यातून जात नाही, ती रिफ. तिच्यात तान नाही, हरकत नाही, शब्द तर नाहीतच. कराडला इंजिनिअरिंगला असताना माझ्या खोलीच्या भिंतीवर रिफवाल्या थोर पुरुषांचे फोटो होते. एक टोनी आयोमी. पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या दोन बोटांची टोकं तुटली, तर त्यानं प्लॅस्टिक वितळवून टोपणं केली आणि तसाच वाजवत राहिला. एक कीथ रिचर्ड्स. त्याला एक रिफ म्हणे झोपेत सुचली आणि सकाळी टेपवर ती आणि पुढे नुसतं घोरणं निघालं. आणि रिची ब्लॅकमोर, ज्यानं चार सुरांत अख्ख्या जगातल्या गिटारच्या दुकानदारांना पिसाळून सोडलं.

मलाही ब्याण्णव साली एक रिफ सुचली. सहा सुरांची. ढँ, ढँ, ढढँ, ढँ, ढूं. ती ऐकायला खोलीत फक्त माझा पार्टनर होता आणि तो झोपलेला होता. नंतर नोकरी लागली, गिटार कपाटावर गेली आणि रिफ माझ्या बोटांत राहिली. ती मी जेवणाच्या टेबलावर वाजवतो, स्कूटरच्या हँडलवर वाजवतो, मीटिंगमध्ये कालव्याच्या नकाशावर वाजवतो. तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की मी एक रिफ केली आहे, आणि तीस वर्षं लोक मला पाणी हवंय का विचारत आले.

त्या दिवशी चोथा पुसता पुसता मला साक्षात्कार झाला. जी ओळ रोज, पुन्हा पुन्हा वाजते आणि माणसाला हातातलं काम टाकून दारात आणते, ती घंटागाडीवरच शोभणार. रिफची याहून खरी परीक्षा जगात कुठे नाही. वॉर्ड बाहेर आला तर ती रिफ. नाही आला तर नसीमा म्हणते ते खरं, तीस वर्षं मी नुसतं टकटक करत होतो. दारात उभं राहून मी हे मोठ्यानं जाहीर केलं, आणि तिथून माझे परतीचे दोर कापले गेले.

नगरपालिकेत आरोग्य विभागाचे निरीक्षक दादासो म्हणून गृहस्थ आहेत. माणूस सज्जन, पण नमुन्याबाहेर जात नाही. त्यांनी मला एक छापील अर्ज दिला. त्यात सातव्या क्रमांकावर 'गीताचे संपूर्ण बोल (तीन प्रतींत)' असा रकाना होता.

"बोल नाहीत," मी म्हणालो.

"बोलाबिगर गाणं?"

"नुसते सूर आहेत. सहा."

"मग ल्ह्या की सूर. रकाना मोकळा ऱ्हायला की अर्ज म्हागारी येतो."

तेव्हा मी, प्रथम वर्गात उत्तीर्ण झालेल्या स्थापत्य अभियंत्यानं, तीन कागदांवर स्वच्छ अक्षरात 'ढँ ढँ ढढँ ढँ ढूं' असं लिहिलं आणि खाली 'सत्यप्रत' म्हणून सही केली. दादासोंनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं. मग यातून कुठलाही आक्षेपार्ह अर्थ निघत नाही, असं हमीपत्र मागितलं. ते दिलं.

"कुठल्या देवाचं हाय का ह्ये?"

"नाही."

"पक्षाचं? समाजाचं?"

"कुणाचंच नाही."

दादासोंनी चष्मा काढला. "हितंच तर घोळ हाय, सायब. एकाचं असलं तर बाकीचे आक्षेप घेत्यात. कुणाचंच नसलं तर समदेच घेतील."

तिसऱ्या हेलपाट्यात मी हायस्कूलच्या संगीत शिक्षकांचा 'सदर सहा सूर हे सूरच आहेत' असा दाखला जोडला. पाचव्या हेलपाट्यात परवानगी मिळाली. वॉर्ड नंबर सहा, एक गाडी, सात दिवस, प्रायोगिक तत्त्वावर. रोजच्या कचऱ्याचं वजन होणार. वॉर्डाचं नेहमीचं वजन तीनशे चाळीस किलो. सातव्या दिवशी ते त्याहून कमी भरलं तर जुनं गाणं परत येणार आणि अर्जदारानं लेखी खुलासा करायचा. मी आनंदानं सही केली. खुलासा हा शब्द सरकारी नोकराच्या काळजाला कसा लागतो हे त्या क्षणी माझ्या लक्षात राहिलं नाही.

कपाटावरून गिटार काढली. तारा गंजलेल्या होत्या, आत एक पाल राहत होती. पालीची सोय दुसरीकडे केली, तारा नव्या घातल्या आणि मोबाइलवर सहा सूर रेकॉर्ड केले. ऐकले तेव्हा मन जरा खट्टू झालं. आवाज स्वच्छ होता. इतका स्वच्छ की त्यात कुणी माणूस राहत असेल असं वाटेना. रॉकचा आवाज फाटका लागतो. डेव्ह डेव्हिस नावाच्या गिटारवाल्या पोरानं त्यासाठी लंडनमध्ये ब्लेड घेऊन आपल्या स्पीकरचा पडदा फाडला होता. घरात आमचा स्पीकर म्हणजे नसीमाच्या भावानं दिलेला, त्याला ब्लेड लावायची माझी छाती नव्हती.

पण अल्लाला काळजी. घंटागाडीचा ड्रायव्हर धुळा. त्याच्या गाडीवरचा भोंगा गेल्या गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीला घासून चिरला होता. आतला पडदाही फाटलेला. सुट्टीच्या दिवशी गाडी उभी असताना मी त्याला माझी क्लिप लावायला सांगितली.

ढँ, ढँ, ढढँ, ढँ, ढूं.

तो आवाज कसा सांगू. चिखलातून ट्रॅक्टर निघावा तसा तो भोंग्यातून बाहेर आला. तीस वर्षं डोक्यात वाजत होता तोच, तसाच. माझे डोळे भरून आले आणि मी ते धुळ्यापासून लपवलं नाही.

"लय डेंजर हाय की," धुळा म्हणाला. "जनावरं बिथरतील सायब."

"बिथरू देत," मी म्हणालो.

घरी येताना हे सगळं मी सुभेदारांना सांगितलं. आनंदात माणूस नको त्याला नको ते सांगतो. फाटक्या भोंग्याचं तर फारच प्रेमानं सांगितलं. सुभेदार गंभीर झाले. त्यांना वाटलं, शेजाऱ्याच्या आयुष्यातलं पहिलं गाणं, आणि ते बिचाऱ्याला फाटक्या भोंग्यातून वाजवावं लागतंय, आणि स्वाभिमानामुळे तो हसून सांगतोय. त्यांनी त्याच संध्याकाळी गल्ली गोळा करून वर्गणी काढली. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीवर कोराकरकरीत भोंगा बसलेला होता आणि त्याला झेंडूचा हार होता.

"माजी सैनिक हाय," ते मला म्हणाले. "शेजाऱ्याला फुटक्या हत्यारानं लढाईवर धाडणार न्हाई."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, कारण वेगळं.

गाडी आली. नव्या भोंग्यातून सहा सूर असे निघाले जणू वाढदिवसाचं कार्ड उघडलं. घराघरांतून पोरं धावत बाहेर आली, सात-आठ तरी असतील, आणि प्रत्येकाच्या हातात वाटी होती. त्यांना कुल्फीवाला आलाय असं वाटलं. गाडीत कुल्फी नाही, केळीच्या साली आहेत हे कळल्यावर दोघांनी रस्त्यावर लोळण घेतली. मोठ्यांपैकी एकही माणूस बाहेर आला नाही. शालूबाई तेवढ्या खिडकीतून म्हणाल्या, "कुणाच्यात बारसं हाय का गं?"

पहिल्या दिवसाचं वजन दोनशे बारा किलो. दुसऱ्या दिवशी दोनशे चार. तिसऱ्या दिवशी पोरांनीही येणं बंद केलं आणि कोपऱ्यावर कचऱ्याचा ढीग लागला. गल्लीतले लोक माझ्याशी फार प्रेमानं वागू लागले, आणि अपमानाचा हाच प्रकार सगळ्यात वाईट. नसीमानं जेवताना एकदाही टोमणा मारला नाही. टेबलावर माझी बोटं आपोआप चालू लागली, तेव्हा ती फक्त म्हणाली, "भाजी घ्या अजून."

जुना भोंगा भंगारात गेला होता. भंगारवाल्याकडे गेलो तर त्यानं तो माधवनगरच्या कुणालातरी कोंबड्यांचं खुराडं झाकायला दिलेला. सांगलीत दोन रेडिओ दुरुस्तीवाल्यांना विचारलं, आवाज फाटका करून द्याल का? पहिल्यानं मला खुर्ची दिली आणि घरी कुणाला फोन करू का विचारलं. दुसऱ्यानं मोबाइल ऐकला आणि फुकटात आवाज आणखी स्वच्छ करून दिला. आपल्याकडे लोक मुळात फार मदतखोर आहेत.

निराश होऊन बस स्टँडवर उभा होतो, तर समोर मिरजेची गाडी लागली. पाठीवर गिटार होती. मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्यांची गल्ली आहे, पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे आणि सतारी करतात. वाटलं, गिटार तिथे विकून टाकावी. निदान खुलासा लिहायला मन मोकळं होईल.

पहिल्याच दुकानात अजहर नावाचा माणूस बसला होता. चाळिशीचा, अंगावर लाकडाचा भुसा, वर टांगलेले भोपळे, हातात कानस. मी गिटार विकायची आहे म्हणालो. त्यानं ती घेतली, एक तार छेडली आणि तोंड वाकडं केलं.

"विकताय कशापायी?"

"हवा तसा आवाज येत नाही."

"कसा पायजे?"

मी तीन दिवसांत इतका हास्यास्पद झालो होतो की आता एकदा आणखी व्हायला हरकत नव्हती. म्हणालो, "फाटका."

अजहर हसला नाही. त्यानं कानस खाली ठेवली आणि विचारलं, "किती फाटका?"

तीस वर्षांत मला कुणी पुढचा प्रश्न विचारला नव्हता.

"म्हंजे बघा," तो म्हणाला, "मलमल फाटती तसा, का पोतं फाटतं तसा?"

"पोतं," मी म्हणालो.

"मग सरळ बोला की जवारी काढायची हाय. आमी दुसरं करतो काय?" त्यानं भिंतीवरचा तंबोरा उचलून माझ्यासमोर धरला आणि तारांखालची हाडाची घोडी दाखवली. "ही घासायची, केसाएवढी. तार हिच्यावर नुसती टेकली पायजे, बसता कामा न्हाई. मग ती कुरकुरती. साफ आवाज कुणीबी देतो, सायब. त्यो कानाला लागून जातो. जवारीचा आवाज घर करून ऱ्हातो."

मला लंडनच्या त्या पोराची दया आली. बिचाऱ्यानं उगाच स्पीकर फाडला. मिरजेला आला असता तर कानशीनं भागलं असतं.

अजहरनं गिटारची घोडी काढून हाडाची नवी बसवली. घासायचा, तार लावायचा, कान टेकवायचा, मान हलवायचा, पुन्हा तार सोडवून घासायचा. चौथा दिवस त्यात गेला. वॉर्डातलं वजन त्या दिवशी एकशे नव्वद भरल्याचं धुळ्यानं फोनवर कळवलं. संध्याकाळी अजहरनं गिटार माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "वाजवा."

मी वाजवलं. वरच्या भोपळ्यांनी सूर धरला. शेजारच्या दुकानातले दोन म्हातारे कारागीर हातातलं काम टाकून दारात येऊन उभे राहिले. त्यातला एक म्हणाला, "कुणाची चीज हाय ही?"

"माझी," मी म्हणालो. हा शब्द मी इतक्या सरळपणे कधीच उच्चारला नव्हता. तिथेच, भुशात बसून मोबाइलवर रेकॉर्ड केलं.

पाचवा दिवस. सात वाजून दहा मिनिटं. मी दाराआड उभा होतो, कारण समोर उभं राहायचं धैर्य नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी नव्या भोंग्यातून पोतं फाटलं.

ढँ, ढँ, ढढँ, ढँ, ढूं.

आधी निकमांचं कुत्रं बाहेर आलं. मग निकम, अर्ध्या दाढीला साबण. मग शालूबाई झाडू उगारून, "काय सुटलंय गं?" म्हणत. मग एकेक करून सगळी दारं उघडली. काय आलंय ते बघायला माणसं बाहेर आली, आणि आलोच आहोत तर म्हणून आत जाऊन बादल्या घेऊन आली. धुळ्यानं असा थाट आणला होता की जणू मिरवणुकीचा रथ चालवतोय. वजन तीनशे एकसष्ट.

सहाव्या दिवशी चारशे दोन. लोकांनी माळे साफ केले, कारण गाडीपाशी रिकाम्या हातानं उभं राहणं बरं दिसेना. पोरं ताटल्या बडवत गाडीमागून चालली. सातव्या दिवशी वॉर्ड नंबर चारची माणसं आपल्या बादल्या घेऊन आमच्या वॉर्डात आली. धुळ्यानं त्यांना परत पाठवलं नाही, त्यामुळे नेमका आकडा वादग्रस्त आहे, पण काटा पाचशेच्या पुढे गेला हे मी स्वतः पाहिलं. सुभेदार सगळ्यांना सांगत होते, "भोंगा बदलला म्हनून जमलं बगा." मी त्यांना कधीच काही सांगितलं नाही, सांगणारही नाही.

दुपारी दादासोंकडे गेलो. तक्रार वहीत एकच तक्रार होती, की गाडी फार जोरात जाते, चीज पुरती ऐकू येत नाही. दादासोंनी माझ्या 'ढँ ढँ ढढँ'च्या तिन्ही प्रती पुढे ओढल्या. प्रत्येकीवर दोन शिक्के मारायचे होते, एक मंजुरीचा आणि एक तारखेचा. त्यांचा चेहरा कोरा होता, नजर खिडकीबाहेर, आणि हात आपल्या मनानं चालत होता. ठप. ठप. ठ-ठप. ठप. ठूप. सहावा शिक्का उमटल्यावर ते थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि ओशाळून म्हणाले, "डोस्क्यातनं जाईना झालंय, सायब."

सरकारी शिक्क्यानं माझी रिफ वाजली. याहून मोठा सन्मान आयोमीलाही मिळाला नसेल. मी बाहेर आलो तो नगरपालिकेच्या आवारातून चालत होतो की कालव्याच्या पाण्यावरून, मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी ती कायमची म्हणून पहिल्यांदा वाजली. मी बादली घेऊन वेळेवर दारात उभा होतो. गाडी वळली, आवाज आला, दारं उघडली, शालूबाई आल्या, सुभेदार आले, सगळी गल्ली माझ्या सहा सुरांवर चालत गाडीपाशी गेली आणि परत आली. मी नुसता बघत, ऐकत उभा राहिलो. सात वाजून अकरा मिनिटांनी गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. अख्ख्या वॉर्डात त्या दिवशी एकाच घरचा कचरा राहिला.

बादली तशीच घेऊन आत आलो. आता मराठी ऐकावं लागणार म्हणून मान खाली घातली. नसीमा ओट्यापाशी पाठमोरी उभी होती, भाकरी थापत होती. ठप, ठप, ठठप, ठप, ठूप. मी दारातच थांबलो. तिनं ती भाकरी तव्यावर टाकली, दुसरा गोळा घेतला, आणि पुन्हा तेच सहा.

मी आलोय हे तिला कळलं तेव्हा तिचे हात थांबले. तिनं बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"असू द्या," ती म्हणाली. "उद्या येतंय की गाणं परत."